वॉरंटी आणि गॅरंटी

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला होता. आता तो एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याच्या पिशवीत दोन कागद होते. एक कागद विहिरीवर बसवलेल्या विजेच्या मोटारीबरोबर दुकानदाराने दिलेला. त्यावर ‘वॉरंटी’ हा शब्द ठळक छापलेला होता. दुसरा कागद म्हणजे एका पतसंस्थेची नोटीस. तीत ह्या माझ्या विद्यार्थ्याला ‘गॅरंटर’ म्हटले होते. भावकीतल्या एकाने कर्ज काढले, ह्याने त्याच्या फॉर्मवर सही केली, पुढे कर्जदाराचे हप्ते थकले आणि नोटीस ह्याच्या दारात आली.

मी विचारले, “सही करण्याआधी वाचलं नव्हतंस का?”

तो म्हणाला, “वाचलं होतं सर. शब्दही ठाऊक होता. गॅरंटी म्हणजे हमी. वॉरंटी म्हणजेही हमीच. कोशात दोन्हींपुढे तोच अर्थ दिला आहे. मला वाटलं, मोटारवाला जशी मोटार चांगली असल्याची हमी देतो, तशी मी माणूस चांगला असल्याची हमी देतोय. मोटार बिघडली तर दुकानदार काही माझ्या शेताला पाणी घालायला येत नाही!”

बोलणे ऐकून हसू येण्यासारखे होते, पण त्याचा चेहरा पाहून मला हसवेना. इंग्रजीच्या शिक्षकाला इंग्रजीच्याच एका शब्दाने गोत्यात आणले होते. आणि खरे सांगायचे तर ह्यात दोष त्याच्या एकट्याचा नाही. एका शब्दापुढे एक मराठी शब्द लिहायचा, तो पाठ करून घ्यायचा आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, असेच आपण सगळे शिक्षक करीत आलो आहोत. मीही त्याला तसेच शिकवले होते. म्हणून आज ह्या दोन शब्दांची हकिकत आपल्यापुढे मांडणार आहे. हकिकत नऊशे-हजार वर्षांची आहे, पण तिचा शेवट आपल्या सहीपाशी येऊन थांबतो.

प्रथम एक घरचे उदाहरण घेऊ. ‘शेत’ हा शब्द आपण रोज वापरतो. ‘क्षेत्र’ हाही वापरतो. पंढरपूर हे क्षेत्र आहे. पंढरपूर हे शेत आहे असे कोणी म्हणणार नाही. वस्तुतः हे दोन्ही शब्द मुळात एकच. संस्कृतातला ‘क्षेत्र’ प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आला तो ‘शेत’ झाला. पुढे विद्वानांनी तोच शब्द पुन्हा संस्कृतातून जसाच्या तसा उचलला तो ‘क्षेत्र’च राहिला. ‘काम’ आणि ‘कर्म’ ह्यांचेही तसेच. एकच शब्द घरात दोनदा आला, दोन वेगळ्या वाटांनी आला, आणि घराने त्याला दोन वेगळी कामे दिली. वॉरंटी आणि गॅरंटी ह्या शब्दांचे अगदी असेच झाले आहे.

आता फ्रान्समध्ये जाऊ. हा देश पूर्वी रोमन लोकांच्या ताब्यात होता आणि तिथे लॅटिन भाषा रुजली होती. पाचव्या शतकात रोमचे राज्य ढासळले आणि ऱ्हाइन नदीच्या बाजूने फ्रँक नावाचे जर्मानिक कुळातले लोक आत शिरून राज्यकर्ते झाले. फ्रान्स हे नाव त्यांच्यावरूनच पडले. ह्या फ्रँक लोकांनी तिथल्या लॅटिन बोलीत आपले पुष्कळ शब्द टाकले. त्यांतले बरेचसे लढाईचे, पहाऱ्याचे आणि वचनाचे होते. पाठीशी उभा राहणारा, जबाबदारी घेऊन राखणारा, अशा अर्थाचा एक शब्द त्यांत होता. त्याचा आरंभ ‘व’ ह्या अक्षराने होत असे. हा ‘व’ म्हणजे ओठांचा चंबू करून उच्चारायचा इंग्रजी डब्ल्यू.

लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडात हा उच्चार काही बसेना. त्यांनी त्याच्या आधी एक ‘ग’ लावला. ‘व’चा ‘ग्व’ झाला आणि पुढे नुसता ‘ग’ उरला. पॅरिसच्या बाजूची फ्रेंच अशी ‘ग’ म्हणू लागली. मात्र उत्तरेकडे, नॉर्मंडी आणि पिकार्डी ह्या प्रांतांत, लोकांनी जुना ‘व’ टिकवला. म्हणजे एकाच देशात एका शब्दाचे दोन उच्चार झाले : उत्तरेत ‘व’, पॅरिसकडे ‘ग’.

आता गंमत पाहा. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जची लढाई झाली आणि नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले. त्या ड्यूकचे नाव काय? इंग्रजीत त्याला विल्यम म्हणतात आणि फ्रेंचमध्ये गियोम. नाव एकच, एक ‘व’चे, एक ‘ग’चे. जेत्याच्या नावातच आपल्या आजच्या विषयाची किल्ली आहे.

नॉर्मन लोकांबरोबर त्यांची ‘व’वाली फ्रेंच इंग्लंडात आली. राजाचा दरबार, जमिनीची कागदपत्रे आणि न्यायनिवाडा ह्यांत हळूहळू तिचा जम बसला. पुढे ११५४ मध्ये आंजू घराण्याचा दुसरा हेन्री गादीवर आला. १२०४ मध्ये जॉन राजाच्या हातून नॉर्मंडी गेली. त्यानंतर इंग्लंडातल्या सुशिक्षितांना पॅरिसची फ्रेंच अधिक प्रतिष्ठेची वाटू लागली. मग तेच शब्द ‘ग’चा अंगरखा घालून पुन्हा आले. आधी आलेले ‘व’वाले शब्द काही घर सोडून गेले नव्हते. दोघेही राहिले.

वसतिगृहाच्या प्रमुखाला आपण वॉर्डन म्हणतो आणि मुलाच्या पालकाला शाळेच्या रजिस्टरात गार्डियन म्हणतो. दोन्ही शब्द एकच : राखणारा. पहिला नॉर्मन, दुसरा पॅरिसकडचा. बक्षिसाला रिवॉर्ड म्हणतात आणि आदराला रिगार्ड. हेही एकाच पोटचे. आणखी एक उदाहरण आपल्या इतिहासाजवळचे आहे. इंग्रजी पुस्तकांत शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याला ‘गरिला वॉर’ असे म्हटलेले आढळते. ह्यातला ‘वॉर’ नॉर्मन वाटेने आला. ‘गरिला’ हा स्पॅनिश भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ छोटे युद्ध असा आहे, आणि १८०८ ते १८१४ ह्या काळात स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लोकांनी जो झगडा केला त्यावेळी तो इंग्रजीत रूढ झाला. पण स्पॅनिशमधल्या युद्धवाचक शब्दाचे मूळही तेच जर्मानिक आहे. म्हणजे ‘गरिला वॉर’ म्हणताना आपण एकच शब्द लागोपाठ दोनदा उच्चारतो, एकदा ‘ग’ने आणि एकदा ‘व’ने.

तर वॉरंटी हा नॉर्मन शब्द आणि गॅरंटी हा पॅरिसकडचा. मूळ एक. मग अर्थ वेगळे का झाले? ह्याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते व्यवहारात आणि कचेरीत सापडते.

वॉरंटी हा शब्द इंग्लंडात प्रथम रुजला तो जमिनीच्या व्यवहारात. जमीन देणारा जमीनदार घेणाऱ्याला वचन देत असे, की ह्या जमिनीवर उद्या कोणी हक्क सांगितला तर मी येऊन तुझी बाजू लढवीन. दावा उभा राहिला म्हणजे घेणारा न्यायालयात त्या जमीनदाराला बोलावून घेई. जमीनदार हरला, तर तेवढ्याच मोलाची दुसरी जमीन देणे त्याला भाग पडे. आपल्याकडे खरेदीखतात आजही लिहितात, की ह्या मिळकतीवर कोणाची हरकत निघाल्यास तिचे निवारण लिहून देणाराने करावयाचे आहे. हे कलम म्हणजे जुन्या अर्थाची वॉरंटीच. ह्यात माणसे दोन : देणारा आणि घेणारा. देणारा हमी देतो ती स्वतःच्या मालाची. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कायद्याचा शब्द एकदा रुजला की सहसा हलत नाही. १३६२ मध्ये इंग्लंडात न्यायालयातले बोलणे इंग्रजीतून व्हावे असा कायदा झाला, तरी वकिलांची फ्रेंच पुढे काही शतके सुटली नाही. आपल्या कोर्टात वकील, फिर्याद, तारीख हे शब्द फारसी दफ्तर गेल्यावरही राहिलेच ना? तसेच ते.

पुढे हा शब्द जमिनीवरून मालावर आला. त्याबद्दलचा १६०३ सालचा एक खटला इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. चँडेलर नावाच्या सोनाराने लोपस नावाच्या गिऱ्हाइकाला एक खडा शंभर पौंडांना विकला. हा बेझोरचा खडा आहे असे त्याने सांगितले. बेझोर म्हणजे काही जनावरांच्या पोटात सापडणारा खडा. तो विषावर उतारा आहे, अशी त्या काळी समजूत होती. जहरमोहऱ्याविषयी आपल्याकडे असे तशीच. खडा बेझोरचा नाही असे गिऱ्हाइकाचे म्हणणे पडले आणि त्याने दावा लावला. शंभर पौंड ही त्या दिवसांत फार मोठी रक्कम. पण न्यायालयाने म्हटले, सोनाराने खडा बेझोरचा आहे असे नुसते सांगितले. तशी वॉरंटी दिलेली नाही. म्हणून दावा चालत नाही. त्या एका शब्दावाचून गिऱ्हाईक हरले.

आज कायदा इतका कठोर राहिलेला नाही. इंग्लंडात १८९३ मध्ये आणि आपल्याकडे १९३० मध्ये मालविक्रीचा कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. सौद्याचा जो मुख्य हेतू, त्याला आवश्यक असलेले वचन ते एक. ते मोडले तर घेणारा सौदाच रद्द मानू शकतो. त्याच्या अनुषंगाने दिलेले दुसरे वचन ती वॉरंटी. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्याने माल परत करण्याचा हक्क मिळत नाही. ह्याखेरीज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार नेण्याची वाटही आहे. म्हणून मोटारीबरोबर आलेला कागद जपून ठेवावा, आणि पावती त्याहून जपून.

आता गॅरंटीकडे वळू. हा शब्द इंग्रजीत फार उशिरा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. सुरुवातीला तो वचनाला लावीत नसत, माणसाला लावीत. गॅरंटी म्हणजे हमी राहणारा इसम, जामीन. दोन राजांत तह व्हावा आणि तिसऱ्या राजाने मध्ये उभे राहून म्हणावे, ‘हा तह पाळला जाईल ह्याला मी जबाबदार,’ अशा प्रसंगी हा शब्द वापरीत. इथेच मोठा फरक पडतो. वॉरंटीत माणसे दोन. अशा गॅरंटीत माणसे तीन : एक देणेकरी, एक घेणेकरी, आणि तिसरा मध्ये उभा. हा तिसरा स्वतःच्या मालाबद्दल बोलत नाही. तो दुसऱ्याच्या वागणुकीची जबाबदारी आपल्या डोक्यावर घेतो.

ह्या तिसऱ्या माणसाची अडचण इंग्लंडच्या पार्लमेंटला लवकरच उमगली होती. १६७७ मध्ये त्यांनी कायदा केला, की दुसऱ्याच्या कर्जाबद्दल जबाबदार राहण्याचे वचन लेखी असल्याशिवाय आणि त्यावर सही असल्याशिवाय त्यावरून दावा लावता येणार नाही. आपल्याकडे १८७२ चा कराराचा कायदा आला. त्याचे १२६ वे कलम सांगते, की तिसऱ्या माणसाने वचन मोडल्यास ते आपण पुरे करू किंवा त्याचे देणे आपण देऊ, असा जो करार तो गॅरंटीचा करार. आणि त्याच कलमाच्या शेवटी एक छोटे वाक्य आहे : गॅरंटी तोंडी असो वा लेखी, दोन्ही चालते. इंग्लंडात लागणारा कागद इथे लागत नाही. बाजारात चार माणसांसमोर “त्याला द्या हो, त्याने नाही दिले तर मी देतो” असे म्हटले, आणि ते साक्षीपुराव्याने शाबीत झाले, तर तेवढे बोलणेही बांधून घालू शकते.

पुढचे १२८ वे कलम त्याहून महत्त्वाचे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. “आधी त्याच्याकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या,” असे जामिनाला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद ह्या खटल्याच्या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. जामिनाला थांबवून ठेवायचे झाले, तर मग जामीन घेण्याचा हेतूच फुकट गेला, असा त्या निकालाचा आशय.

माझ्या विद्यार्थ्याची चूक नेमकी इथे होती. आपण चांगल्या चालीचा दाखला देतो आहोत असे त्याला वाटले. प्रत्यक्षात त्याने दुसऱ्याचे सगळे कर्ज आपल्या नावाला जोडून घेतले होते.

ह्यावर कोणी म्हणेल, “मग दुकानदार गॅरंटी कशाला म्हणतो? तिथे तर माणसे दोनच असतात.” शंका रास्त आहे. बाजारात ह्या शब्दांना तिसराच अर्थ आला आहे. आपल्याकडचा दुकानदार सांगतो, गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून देणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार. ही बाजाराची बोली झाली; कायद्याची व्याख्या नव्हे. तेव्हा शब्दावर न जाता कागदावर काय लिहिले आहे ते पाहावे : किती महिने, कोणता भाग, मजुरी कोणाची, ने-आण कोणाच्या खर्चाने.

आणि ह्या सगळ्याला आपण मराठीत एकच शब्द ठेवला आहे, हमी. शेतमालाला हमीभाव मिळतो. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. मोटारीची हमी आणि कर्जाचीही हमीच. मोठा सोयीचा शब्द आहे, पण एका पोत्यात ज्वारी, बाजरी आणि हरभरा भरावा तसा. जुन्या मराठी व्यवहारात ह्याहून अधिक नेमके शब्द होते. माणसाला वेळेवर हजर करण्याची जबाबदारी घेणारा तो हाजीरजामीन. पैसे भरण्याची जबाबदारी घेणारा तो मालजामीन. तेव्हाच्या खेडुताला आपण कशावर निशाणी करतो आहोत हे त्या नावावरूनच कळत असे. माझ्या विद्यार्थ्याच्या फॉर्मवर ‘गॅरंटर’ऐवजी ‘मालजामीन’ असे छापले असते, तर त्याने सही करण्यापूर्वी निदान घरी विचारले असते.

मराठीतही सारख्या दिसणाऱ्या शब्दांची जोडी आहेच : ‘जामीन’ आणि ‘जमीन’. फरक एका काण्याचा. पण हे भाऊ नव्हेत. ‘जामीन’ मूळ अरबी, ‘जमीन’ मूळ फारसी; रक्ताचे नाते काही नाही. तेव्हा शिक्षकबंधूंनी मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. काही शब्द सारखे दिसतात आणि परके असतात. काही एका घरातले असतात आणि त्यांचे धंदे निराळे असतात. दिसण्यावरून निवाडा करू नये. आणि अर्थ विचारताना “ह्याला मराठीत काय म्हणतात?” एवढ्यावर थांबू नये. हा शब्द कोण कोणाला बोलतो, तिथे माणसे किती, आणि वचन मोडले तर भरतो कोण, हे विचारावे. वॉरंटी, गॅरंटी आणि पोलिसाच्या हातातले वॉरंट हे तिन्ही एका मुळाचे आहेत. ही गोष्ट सांगितली तर वर्गातले शेवटच्या बाकावरचे पोरसुद्धा कान टवकारते, असा माझा अनुभव आहे.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले? मी त्याला वकिलाकडे पाठवले. कायद्याने त्याला काही आधार दिला आहे. जामिनाने जे देणे रीतसर भरले, ते मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. १४५ वे कलम तसे सांगते. पण हक्क असणे निराळे आणि भावकीतल्या माणसाच्या दारात तो मागायला जाणे निराळे. सध्या तो हप्ते भरतो आहे. परवा त्याचे पत्र आले. त्यात लिहिले होते, की नववीच्या वर्गात त्याने फळ्यावर दोन चित्रे काढली. एका चित्रात दोन माणसे आणि मध्ये मोटार. दुसऱ्यात तीन माणसे आणि मध्ये पैशाची थैली. खाली एकेक शब्द लिहिला आणि मुलांना सांगितले, “घरी जाऊन वडिलांना हे काढून दाखवा.”

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणापुढे उद्या असा कागद आला, तर सहीपूर्वी एवढेच मोजा : ह्या कागदात माणसे किती आहेत, आणि त्यांतला तिसरा मी तर नव्हे ना? तिसरे आपणच असू, तर त्या रात्री सही करू नका. कागद घरी न्या, दिव्याखाली वाचा, घरच्यांना वाचून दाखवा. मग सकाळी काय ते ठरवा.